बाबांचा कान

७ जुलै, रविवार

आईबाबा आज कडाडून भांडले! आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होते – आनंदाने.

निमित्त मामाच्या कितीतरी वर्षांपूर्वीच्या लग्नाचं. आई म्हणाली, "तुम्ही जेवायला थांबला नाहीत, माहेरी माझी मान खाली गेली." बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, वाचलं, आणि उसळले. "थांबलो होतो! तुझ्या भावानेच पानावर बसा म्हटलं नाही." "खोटं!" आई म्हणाली. पडद्यावर शब्द उमटला – खोटं. बाबांनी तो मला दाखवला. "बघ मितू, तुझी आई मला काय म्हणते!"

कित्येक वर्षांत या घरात भांडण नव्हतं. भांडायला दोघांना ऐकू यावं लागतं. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात बाबांचा एक कान नोकरीत असतानाच गेला, दुसरा निवृत्तीनंतर हळूहळू. कानातलं मशीन आणलं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं. आईने आधी ओरडून पाहिलं. मग खुणा. मग उरले "जेवायला", "गोळी", "दार". एवढ्यावर संसार चालू होता.

आता हा ओव्हेल कंपनीचा फोन. मीच वाढदिवसाला दिलेला. समोरचा बोलतो तसं पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठी उमटत जातं. खालच्या जिग्नाबेन आल्या तर गुजराती. आईचं "पुष्कळ" कधी "पुस्तक" होतं. पण कळतं. बाबा अंदाजाने जुळवून घेतात.

रात्री दोघं जेवताना पुन्हा तोच विषय. भाजी कुठली होती लग्नात!


९ जुलै, मंगळवार

बाबा फोनला "कान" म्हणायला लागलेत. "मितू, माझा कान चार्जिंगला लाव गं."


१५ जुलै, सोमवार

ऑफिसात नवीन काम. विक्रमसिंह सरांनी मला आत बोलावलं आणि मराठीत बोलले. म्हणजे काम मोठं. एरवी आमच्यासारखेच बडोद्याचे मराठी असूनही ऑफिसात गुजरातीच बोलतात.

माझी नोकरी कुणाला समजावून सांगायची तर पंचाईतच होते. आई शेजारी सांगते, "ती वकिलांना मदत करते." खरं तर आम्ही पेटंट वाचतो. एखाद्या कंपनीला वाटतं, आपली युक्ती दुसऱ्याने चोरली. मग आम्ही तक्ता करतो. डावीकडे पेटंटमधलं एकेक वाक्य, उजवीकडे दुसऱ्याच्या वस्तूत ते कुठे दिसतं त्याचा पुरावा. तो तक्ता घेऊन मोठे वकील कोर्टात उभे राहतात. आमचं नाव कुठेच नसतं. काय काम केलं ते घरीदारी बोलायचं नाही, हे सहीनिशी कबूल केलेलं.

पक्षकार तारिन कंपनी. पेटंट असं – गोंगाटातून जवळच्या माणसाचा आवाज वेगळा काढायचा, फोनच्या आतल्या आतच, इंटरनेटशिवाय, आणि त्याची अक्षरं करायची.

आरोप ओव्हेलवर.

माझ्यासोबत काम करणारी हेतल म्हणाली, "अरे, आ फोन तो तारा पप्पा पासे छे ने?" मी म्हटलं, हो, बाबांकडे हाच आहे. सर म्हणाले, "उत्तम. मग तुझ्याइतका तो कुणाला माहीत असणार?"

बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? मला खरंच बरं वाटलं.


२१ जुलै, रविवार

घरी चाचणी केली. ऑफिसच्या शांत खोलीत काय सिद्ध होणार? खरा गोंगाट आमच्याच घरात.

बाबांना एवढंच सांगितलं – ऑफिसचं काम आहे, तुमचा फोन तपासायचाय. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले! मी इंटरनेट बंद केलं. कुकर लावला, मिक्सरमध्ये चटणी फिरवली, टीव्ही मोठा केला. आईला म्हटलं, बोल काहीतरी. आई लाजली. मग म्हणाली, "आज खंडेराव मार्केटात वांगी छान मिळाली." पडद्यावर – "आज खंडेराव मार्केटात वांगी छान मिळाली." कुकरचं काही नाही, टीव्हीचं काही नाही. आई दोन पावलं मागे गेली तर अक्षरं अडखळली. पुढे आली तर पुन्हा साफ. अगदी पेटंटमध्ये लिहिलंय तसंच. शब्दाला शब्द.

मी व्हिडिओ घेत होते. बाबा कॅमेऱ्याकडे बघून हसले. "तुझ्या साहेबांना सांग, सगळा कचरा गाळतो आणि माणूस तेवढं ठेवतो!"


२ ऑगस्ट, शुक्रवार

तक्ता गेला. सर म्हणाले, इतका स्वच्छ तक्ता या ऑफिसातून आजवर गेला नाही. घरच्या चाचणीवरून तारिनच्या तज्ज्ञांनी तशीच चाचणी प्रयोगशाळेत करून घेतली म्हणे. तंतोतंत जुळली.

मी विचारलं, "सर, पुढे काय होईल?"

"काय व्हायचं? भांडतील, मग तह करतील. एकजण दुसऱ्याला दरवर्षी काहीतरी देईल. गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही."

खरं असेल. पंधरा वर्षं ते हेच बघतायत.

येताना खायला लीलो चेवडो घेतला. आई विचारत होती, कशाबद्दल? म्हटलं, असंच.


७ ऑक्टोबर, सोमवार

नवरात्र. सोसायटीच्या गरब्याला बाबा खुर्ची टाकून बसले होते, शेजारी गोविंदराव – त्यांचे वर्कशॉपातले दोस्त. पूर्वी बाबा नऊ दिवस घरात दार लावून बसायचे. "मुक्या बाहुल्या नाचतात, काय बघायचं?" यंदा फोन हातात. गोविंदरावांचं बोलणं वाचतायत, खो-खो हसतायत. गाण्याच्या ओळी मात्र पडद्यावर येत नव्हत्या. फोनच्या लेखी तो कचरा! बाबा म्हणाले, "गाणं नको. गोविंदा काय म्हणतो ते पुरे."

गोविंदराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, तुझा बाप, आमचा सुभान, परत आला बघ."


१३ नोव्हेंबर, बुधवार

मनाई हुकूम झाला.

हेतलने ओरडून सांगितलं. ऑफिसात टाळ्या. सरांनी पेढे मागवले. ओव्हेलने ते फोन देशात विकायचे नाहीत, आणि विकलेल्या फोनांतून ती सोय पुढच्या अपडेटने काढून टाकायची.

विकलेल्या फोनांतून!

मी विचारलं, "तह होणार होता ना?"

सर म्हणाले, "आकडा जुळला नसेल. तारिनला त्यांचा नवा फोन काढायचाय. बाजार मोकळा हवा." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "घरी आहे ना तुझ्या एक? अपडेट करू नको म्हणजे झालं."

पेढा हातात तसाच राहिला. मग खाल्ला. फेकवला नाही.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा पेपर वाचत असताना त्यांच्या फोनमधलं आपोआप अपडेट बंद केलं. "काय करतेस?" "काही नाही बाबा, साफसफाई."


१८ नोव्हेंबर, सोमवार

दांडिया बाजारात बापूंच्या मोबाइलच्या दुकानात गेले. काचेच्या कपाटातला ओव्हेलचा खण रिकामा. बापू वैतागलेले. "मितालीबेन, कंपनीओ लडे, ने गाळो मने! शिव्या मी खायच्या! लोक येतात, म्हणतात तुम्ही फसवलंत. मी काय केलं? मी खोकं विकलं."

तारिनचा फोन आहे का, असं विचारलं. त्यात ही सोय आहे की. आहे, पण सगळ्यांत महागड्या फोनमध्ये. आणि भाषा? इंग्रजी आणि हिंदी. मराठी नाही, गुजराती नाही.

"कधी येणार?"

"जल्दीज, असं कंपनीचा माणूस म्हणतो. दर वर्षी म्हणतो."

परत येताना सूरसागरच्या काठाने चालत आले. विचार करत होते. पेटंटवर चार माणसांची नावं आहेत. मी ती नावं इतक्या वेळा वाचलीत की तोंडपाठ झालीत. त्यांनीही आयुष्यातली वर्षं घातली असतील. त्यांची युक्ती कुणी फुकट उचलावी हे बरोबर नाहीच. मी तक्त्यात एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.

पण ज्यांनी उचलली त्यांनी ती मराठीत आणली. ज्यांची होती त्यांनी नाही. हे तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? डाव्या की उजव्या?

आणि बाबांनी तर काहीच उचललं नव्हतं. त्यांनी फोन घेतला – म्हणजे मी घेतला. दुकानातून, पावतीसकट. विकलेली वस्तू घरात येऊन अर्धी काढून नेता येते, हे मला माहीत असायला हवं होतं. माझा धंदाच तो.


५ डिसेंबर, गुरुवार

गेलं.

मी ऑफिसात होते. बाबा पेन्शन बघायला बँकेचं ॲप उघडायला गेले. ते म्हणे, आधी फोन अपडेट करा. बाबांनी "हो" दाबलं. का नाही दाबणार? मी सांगितलंच कुठे होतं?

घरी आले तर बाबा फोन हातात घेऊन टेबलाशी बसलेले. मला पडदा दाखवला – "ही सुविधा आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही."

"प्रदेश म्हणजे कुठला गं? बडोदा?"

आई बोलत होती, बोलतच होती, "बंद करून चालू केला, दोनदा केला, जिग्नाबेनच्या मुलालाही दाखवला –" आणि बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. फक्त बघत.


६ डिसेंबर, शुक्रवार

दुसरी दोन ॲप टाकून पाहिली. एक इंटरनेट मागतं आणि कुकर वाजला की गोंधळतं. आईचं "पाणी देऊ का" – "राणी येऊ का". बाबा हसले. मग पुढचं वाक्यही तसंच, त्याच्या पुढचंही. हसणं संपलं.

गोंगाट गाळणारं एकही मिळत नाही. कुणी करणारही नाही. का ते मला चांगलं माहीत आहे.


१५ डिसेंबर, रविवार

गोविंदराव आले होते. बाबा आत जाऊन झोपले. दुपारचे. गोविंदराव चहा पिऊन गेले.

आईने आज दिवसभरात बाबांशी दोन शब्द काढले – "जेवायला" आणि "गोळी".


२२ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

कसं सांगायचं हाच प्रश्न होता. कागदावर लिहिलं, फाडलं. शेवटी फोनवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फोन त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, कोर्टात जो पुरावा गेला तो माझ्या हातचा. जुलैत घरी चाचणी केली ती त्यासाठीच. मला वाटलं होतं तह होईल. बोलायची मनाई होती."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"तो कुकर लावलास, तो दिवस?"

मी मान हलवली.

"मी दाढी करून बसलो होतो."

मी पुन्हा मान हलवली.

"साहेबांना सांग म्हणालो!" आणि हसले. असं हसणं मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे फार मोठ्याने. आई धावत आली. "काय झालं?" तिला मी तोंडी सांगितलं.

बाबा म्हणाले, "चोरी होती का नव्हती, एवढंच सांग."

मी लिहिलं, "कायद्याने होती."

"मग तुझं काम बरोबर."

मी "हो" लिहिलं.

"जा मग. काम कर."

दार लावून घेतलं त्यांनी. मी बाहेर उभी. ठोठावून उपयोग काय?


१ जानेवारी, बुधवार

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ऐकू न येणं वेगळं आणि हे वेगळं. ऐकू येत नसताना ते माझ्याकडे बघायचे तरी.


१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर. "काप्यो छे!" करून लोक घसे फोडत होते. बाबाही आले, चिकी खाल्ली, आईच्या हातची तिळाची वडी खाल्ली. मी शेजारी जाऊन फिरकी धरली. त्यांनी पतंग खाली उतरवला, मांजा गुंडाळला आणि जिना उतरून गेले.

आई म्हणाली, "वेळ दे. घरातल्या माणसाने केलं ना, म्हणून."

तिथेच अहल्याताई भेटल्या. समोरच्या इमारतीत राहतात, कर्णबधिर मुलांना शिकवतात. त्यांच्या कितीतरी मुलांकडे हाच फोन होता. त्या म्हणाल्या, ओव्हेलने कोर्टात अर्ज केलाय – विकलेल्या फोनांत तरी सोय परत देऊ द्या, वापरणाऱ्यांचा काय दोष? त्यासोबत जोडायला वापरणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हवीत. मनाई हुकूम देताना लोकांचं नुकसानही बघावं लागतं म्हणे. "तुझ्या बाबांना विचारू का?"

मी म्हटलं, "विचारा. मी मध्ये नको."


१९ जानेवारी, रविवार

बाबा अहल्याताईंकडे जाऊन आले. आईला सोबत नेलं. इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता, दाढीही नव्हती केलेली. मी खिडकीतून बघितलं.

आल्यावर आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. कणीक मळायला घेतली आणि बोलायला लागली. काय काय लिहून दिलं ते सगळं. गोविंदरावांचं. मामाच्या लग्नावरून झालेल्या भांडणाचं! "मी लिहून विचारलं, अहो, हे कशाला कोर्टात? तर म्हणाले, हेच तर सांगायचंय."

मग थांबली.

"शेवटी एक प्रश्न होता. घरातलं कुणी या कंपन्यांसाठी, त्यांच्या वकिलांसाठी काम करतं का? अहल्याताईंनी लिहून दाखवला. हे म्हणाले, नाही."

मी तिच्याकडे बघितलं.

"मी कोपराने ढोसलं, लिहून दाखवलं – शपथेवर आहे, खोटं कसं लिहिता? तर माझ्यावर डोळे वटारले. म्हणाले – पोरगी चारचौघांत उघडी पडेल. नोकरी जाईल. 'नाही' लिहा."

कणकेत पाणी जास्त झालं होतं. आई पीठ घालत राहिली.

"पण मी हे तुला सांगितलं, असं त्यांना कळू देऊ नकोस."

बाहेरच्या खोलीत बाबा पाठ करून बसले होते. मी चहा नेऊन ठेवला. त्यांनी घेतला. वर बघितलं नाही.


२० जानेवारी, सोमवार

सरांना सांगावंसं वाटत होतं – माझे वडील या प्रकरणात आहेत, मला बाजूला करा. नियमाने सांगायलाच हवं. पण सांगितलं तर बाबांचं "नाही" खोटं ठरतं. एक खोटं ठरलं की तारिनचे वकील म्हणणार, बाकीच्यांचंही तसंच.

नाही सांगितलं.


२७ जानेवारी, सोमवार

सरांनी नवीन काम दिलं. वापरणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तारिनच्या वकिलांकडून आली आहेत. "नीट तपास. कुणी कंपनीचा नातलग निघतो का, कुणी खोटं बोलतो का. एक जरी सापडला तरी अख्खा गठ्ठा डळमळतो. हे तुझ्याइतकं चोख कुणी करणार नाही."

बाबांचं मध्यावर होतं. सही पूर्ण नावाने. सगळं वाचलं. शेवटचा प्रश्न आणि त्यापुढचं "नाही"ही.

समोर शेरा लिहिला – "विसंगती आढळली नाही." खाली माझी सही.

मग त्याच टेबलावर राजीनामा लिहिला.